येसबाची घोडी आन् नदीपल्याडची आजी

लई मागची गोष्ट. इतकी मागची, की राजा कोन हाय ते डोंगरातल्या लोकांना ठावं नव्हतं, आन् त्येच्यावाचून त्यांचं काय अडतबी नव्हतं. बारक्यांनी फुडं सरका, थोरांनी भिताडाला टेका. गोष्ट घोडीची हाय, पन ऐकायची मान्सांनी हाय.

एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं व्हती. अल्याडच्या गावात येसबा नावाचा मीठवाला राहायचा. घाटाखाली उतरायचा, मिठाच्या गोनी घोडीवर लादायचा, घाट चढून वर आनायचा आन् गावोगाव इकायचा. अंगानं दनकट, कामाला कधी न कंटाळनारा. मापात कधी कुनाला मूठभर कमी घातलं न्हाई. मन साफ. पन तोंडाला झाकन न्हाई.

चुलीवरचं दूध बघितलंय का? आता गप असतं, आन् नजर वळली की समदं चुलीत. तसा त्येचा राग. कुनाचं वाईट त्येच्या मनात नसायचं, पन शिवी घातल्याबिगर त्येचं बोलनं जागचं उठायचं न्हाई. गाव म्हनायचं, येसबा बोलाया लागला की कावळं झाड सोडत्यात.

घोडी त्येनं शिंगरू असताना आनली व्हती. कपाळावर पांढरा ठिपका व्हता म्हनून हौसेनं नाव ठिवलं चांदनी. ते नाव पयल्या दिशी घेतलं आन् मग इसरून गेला. घाट चढताना छाती फुटाया लागती, तितं चांदनी-बिंदनी कोन म्हनतंय. घोडी चालवायची असली की म्हनायचा, "हल की, तुजा मुडदा बशिवला." थांबवायची असली की, "मर तितंच." वाकड्या वाटंला लागली की, "डोळं फुटलं का." आन् सांच्याला चंदीच्या दान्याची पिशवी, तोबरा, तोंडाला बांधला की, "गिळ."

आता जनावराला शबुदाचा अर्थ कुठं कळतोय. ह्या आवाजावर हे करायचं, त्या आवाजावर ते, एवढंच त्येला ठावं. घोडी गुनाची व्हती. मुडदा म्हनलं की चालायची, मर म्हनलं की खांबावानी उभी राहायची, गिळ म्हनलं की खायाची. येसबाला वाटायचं, आपला धाक हाय म्हनून ऐकती. घोडीला वाटायचं, मान्सं अशीच बोलत असतील. दोघांचं ब्येस चाललं व्हतं.

घरातबी हीच भाषा. बायकू भागा, लेक सगुना, एक गडी आन् दारातलं तांबडं कुत्रं, एवढा त्येचा संसार. भाकर पायजे असली की म्हनायचा, गिळाया वाढा. कुनी मधी आलं की म्हनायचा, डोळं फुटलं का. कुनी उलटून बोलायचं न्हाई. उलटून कशाला, त्यो घरात असला की कुनी बोलायचंच न्हाई. आवाज एकट्याचा. बाकीचे नुसते ऐकायचे आन् हलायचे. येसबा म्हनायचा, माज्या घरात कशी शांतता हाय बघा.

सगुना लग्नाची झाली. नदीपल्याडच्या गावातनं मागनी आली. पोरगा सुतार, हातात कसब, तोंडावर हसू. सगुनानं त्येला बाजारात एकदा नांगर घडवताना पायला व्हता. आईनं इचारलं तवा ती खाली बघून हळूच व्हय म्हनली, आन् पदर तोंडाला लावून हसली. लेकीला अशी हसताना भागानं कैक दिसात पायलं नव्हतं. तिनं मनात देवाला हात जोडले, की एवढं जमू दे.

आता त्या दोन गावांची एक चाल व्हती. सोयरीक पक्की करायच्या दिशी पोराच्या घरातलं सगळ्यात थोरलं मानूस पोरीच्या बापाच्या जनावरावर बसून नदी उतरायचं. बापानं लगाम धरून संगं पायी चालायचं. त्या दिशी चाबूक, काठी, साधा फोकबी हातात धरायचा न्हाई. जनावर नुसत्या शबुदावर पार आनायचं. अशी चाल का पडली, ते कुनालाच नीट सांगता यायचं न्हाई. थोरल्यांचं पाय भिजू नयेत म्हनून, असं लोक म्हनायचे.

पोराच्या घरात सगळ्यात थोरली त्येची आजी. बायजाआजी तिचं नाव. कंबर धरलेली, हातात तपकिरीची डबी, आन् कान मात्र हरनीचे. वंगाळ बोलनं तिला चालायचं न्हाई. घरात कुनी शिवी दिली की ती भरल्या ताटावरनं उठायची, मग समदं घर उपाशी. एका ठिकानी पोरगी बघाया गेली, तितल्या बापानं सुनंला हाक मारताना जीभ घसरू दिली, तर ही पान्याचा तांब्या तसाच ठिवून म्हागारी आली. हे समदं येसबाच्या कानावर आलं आन् त्येला घाम फुटला.

मग त्यो गोड बोलाया शिकाया लागला. हसू नगा. शिकाया लागला म्हंजी कसा, तर गालात एक अख्खी सुपारी धरायचा. शिवी व्हटावर आली की सुपारी चावायची. पयल्या दिशी दाढ दुखाया लागली. दुसऱ्या दिशी त्यो भागाला म्हनला, "भागाबाई, जरा पानी द्येता का?" भागानं हातातली घागर खाली ठिवली आन् त्येच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप हाय का म्हनून. कुत्रं दारातनं उठून परसात गेलं. पन मानूस हट्टाचा. आठवडाभरात त्यो शेजाऱ्याशी गोड बोलला, गड्याशी गोड बोलला, उंबऱ्याला ठेच लागली तर उंबऱ्याशीबी गोड बोलला.

राहिली घोडी. ती त्या दिशी देखनी दिसावी म्हनून त्येनं तिला इसावा दिला. गोनी लादली न्हाई, घाटात नेली न्हाई. गडी सकाळ-सांच्याला तिला पान्यावर न्यायचा, चंदी घालायचा, खरारा करायचा. येसबानं तिच्या खुरांना तेल लावलं, गळ्यात नवं गोंडं बांधलं. दुनियेशी गोड बोलून बघितलं, आन् जिच्यावर समदं अवलंबून, तिच्याशी बोलायचं राहून गेलं. घाटाखाली जाऊन मीठ सोडून समदं घेऊन आल्यागत झालं.

ठरलेला दिस उजाडला. ऊन चांगलं कडक व्हतं. अल्याडच्या काठावर येसबाचं गाव जमलं. पाटावर सगुना नवं लुगडं नेसून बसली, शेजारी भागा, मागं गडी, बैलगाडीच्या सावलीत कुत्रं. पल्याडच्या काठावर पोराचं गाव. गड्यानं सकाळीच लगाम ओढत घोडी पल्याड नेऊन उभी केली व्हती आन् म्हागारी आला व्हता. येसबा तितं घोडीपाशी थांबला व्हता.

बायजाआजीला दगडी ओट्यावर चढवलं आन् तितनं खोगिरावर बसवलं. बसली, पदर सावरला, आन् म्हनली, "आता मी तुज्या हवाली रं बाबा."

येसबानं लगाम धरला. गालात सुपारी. गोड आवाज काढून म्हनला, "चल चांदनी. चल माजी बाई."

घोडीनं मान वळवून मागं बघितलं, ह्यो कुनाशी बोलतोय म्हनून.

काठावर दोन-चार जन हसले. येसबानं परत हाक मारली. घोडी कान टवकारून उभी. पन ऊन व्हतं, घोडीला तान लागली व्हती, आन् म्होरं पानी दिसत व्हतं. ती आपली आपनच नदीत उतराया लागली. लोकांना वाटलं, बगा, कशी ऐकती. येसबाच्या जिवात जीव आला.

"ब्येस शिकवलीयास," वरनं आजी म्हनली.

आन् इतं येसबानं गप राहायचं, का न्हाई? पन सुटका झाली की मान्साची जीभ फुगती. त्यो म्हनला, "लेकरागत सांभाळलीया, आई. कधी वाकडा शबुद न्हाई." आजीनं चिमूटभर तपकीर वढली.

निम्म्या नदीत पानी घोडीच्या गुडघ्याच्या वर आलं. घोडी थांबली आन् पानी प्याली. पोटभर प्याली. मग तितंच उभी राहिली.

चल चांदनी म्हनून झालं. चल माजी रानी म्हनून झालं. लक्षुमी म्हनून झालं, सोन्याची म्हनून झालं. घोडी ढिम्म. काठावरनं कुनीतरी सांगितलं की येसबा, आता आरती तेवढी वोवाळायची ऱ्हायलीया. दुसरा म्हनला की मीठवाल्याची घोडी हाय, पान्यात इरघळायच्या आत भायेर काढ. दोन्ही काठ हसाया लागले. येसबाचं कान तापलं. त्येनं लगाम वढला. वढला तशी घोडीनं मान ताठ केली.

आन् मग घोडीनं फुडच्या पायानं पानी खनाया सुरवात केली.

ज्यानं घोडं बाळगलंय त्येला हे कळतं. उनात तापलेलं घोडं पान्यात उभं राहून पाय आपटाया लागलं, म्हंजी त्येला आता बसायचं हाय. बसून लोळायचं हाय. पाठीवर खोगीर हाय का कुनाची आजी हाय, हे ते बघत न्हाई. येसबाला ते कळलं. त्यो खांदा लावून तिला ढकलाया लागला, गोंजाराया लागला, इनवन्या कराया लागला. घोडीचे फुडचे गुडघे वाकले. आजी फुडं घसरली आन् तिनं दोन्ही हातांनी आयाळ धरली. तपकिरीची डबी पान्यात पडली आन् वाहत गेली.

आता येसबाम्होरं दोनच वाटा व्हत्या. घोडीला ठावं असलेला शबुद उच्चारावा, तर दोन गावांच्या म्होरं तोंड काळं, सोयरीक मोडली, सगुनाचं हसू गेलं. गप राहावं, तर म्हातारी घोडीखाली. धरलेली कंबर, एकदा मोडली की मग उठायची न्हाई. चूक कुनाची? घोडीची. लोक घोडीलाच नावं ठिवतील, येसबा गोडच राहील. मला सांगायला हे इतका येळ लागला. त्येला लागला न्हाई. त्येनं काठावर लेकीकडं एकदा बघितलं, गालातली सुपारी थुकली आन् घाटात वरडायचा तसा वरडला.

"हल की, तुजा मुडदा बशिवला!"

डोंगरानं ते परत म्हनून दाखवलं. घोडी ताडदिशी उठली. कान ताठ, मान ताठ, एका चालीत पानी कापत अल्याडच्या काठावर चढली. आन् सवयीनं येसबाच्या तोंडातनं दुसरंबी निघून गेलं, "मर तितंच." घोडी खांबावानी उभी राहिली.

हसनं थांबलं. पन लोक घोडीकडं बघत नव्हते.

लोक काठावर बघत व्हते. पयल्या हाकंला भागा दचकून उठली व्हती आन् तिनं घागर कमरंवर घेतली व्हती, कुनी पानी मागितलं नसताना. सगुना पाटावरनं उठून खाली मान घालून कामाला निघाली व्हती, नव्या लुगड्यात, पावन्यांच्या म्होरं. गड्यानं बैलाचं जू उचललं व्हतं. कुत्रं शेपूट घालून गाडीखाली गेलं व्हतं. आन् दुसऱ्या हाकंला समदी हायेत तितं थांबली व्हती. भागा घागर घेऊन, सगुना एक पाय फुडं टाकून, गडी जू धरून. घोडी जशी उभी, तशीच तीबी उभी.

पोराचा बाप मागनं पान्यातनं चालत आला. त्यो आईला म्हनला की उतर खाली, आपन म्हागारी जाऊ. आजी खोगिरावरच बसून राहिली. तिनं भागाकडं बघितलं, सगुनाकडं बघितलं, गाडीखालच्या कुत्र्याकडं बघितलं. मग हळू आवाजात बोलली, वरडली न्हाई.

"घोडी एकटी न्हाई चालली, येसबा."

येसबाची मान खाली. आजी म्हनली, "ही चाल पाय भिजू नयेत म्हनून न्हाई पडली. माजे पाय भिजून काय झिजत्यात? पावन्याम्होरं कुनीबी गोड बोलतं. घरात कसं बोलतं, ते जनावराला इचारावं. त्येला लपवाया येत न्हाई."

येसबा म्हनला, "मोडलीच म्हना, आई."

"मोडली असती," आजी म्हनली. "तू मला पडू दिली असतीस तर तुजी अब्रू ऱ्हायली असती, घोडीला बोल लागला असता. ते केलं न्हाईस. म्हनून मोडत न्हाई. पन पक्कीबी करत न्हाई. फुडल्या सुगीला मी परत ह्याच घोडीवर बसनार हाय. तवा बघू. आन् माजी डबी भरून दे."

पोराच्या बापाला ते पटलं नव्हतं, पन त्या घरात आजीच्या फुडं कुनाचं चालायचं न्हाई. पावनी मंडळी गेली. सगुना त्या दिशी कुनाशी बोलली न्हाई. तशी ती रोजच बोलायची न्हाई, पन त्या दिशी येसबाला ते पयल्यांदा ऐकू आलं.

सांच्याला येसबा गोठ्यात गेला. हातात काठी. दोन गावांम्होरं जिनं तोंड काळं केलं, तिची हाडं मोडायची म्हनून गेला. घोडी त्येला बघून सरकली. त्यो गुरगुरला, "मर तितंच." घोडी थांबली. काठी वर उचललेली, घोडीचं अंग थरथरतंय, पन पाय हलवत न्हाई. थांब म्हनलंय ना मालकानं, मग थांबायचं.

येसबाचा हात वरच राहिला. त्यो घोडीची चूक हुडकाया लागला. सकाळपास्नं हुडकली, शिंगराच्या वयापास्नं हुडकली. एक बी सापडली न्हाई. त्येनं जे जे सांगितलं, ते ते तिनं केलं व्हतं. जे कधी सांगितलंच नव्हतं, ते तिला कुठनं येनार. त्येनं काठी खाली टाकली आन् तितंच गवताच्या भाऱ्यावर बसला.

दुसऱ्या दिसापास्नं त्यो घोडीला नवी भाषा शिकवाया लागला. चल बाई म्हनायचा, घोडी बघत राहायची. परत म्हनायचा, परत बघत राहायची. मग दूध उतू जायचं, तोंडातनं जुनं निघायचं, आन् घोडी खूश होऊन चालाया लागायची, की आत्ता कसं नीट बोललास. असं लई दिस चाललं. शेवटी कंटाळून त्यो भागाला म्हनला, "मी नसलो आन् घोडी गोठ्यात असली, तर कधीमधी तू हिला पान्यावर न्हेतीस. काय म्हनतीस तिला?"

भागा चुलीफुडं बसली व्हती. ती म्हनली, "काय म्हनत न्हाई. मी फुडं चालती, ती मागनं येती."

"काय तरी म्हनत असशील की."

"अवं, ह्या घरात तुमच्याबिगर कोन बोलतंय का?"

भागानं हे टोमना म्हनून सांगितलं न्हाई. हाय ते सांगितलं. म्हनूनच ते येसबाच्या काळजात जाऊन रुतलं.

त्यानंतर त्यो घोडीफुडं नुसता चालाया लागला. तोंड बंद. लगाम ढिला. घोडी मागनं याया लागली. मग चालता चालता एकदा, चल बाई. थांबता थांबता एकदा, थांब बाई. आवाज चढवायचा न्हाई. कधी चुकायचा. घाटात पाय सरकला की जुनं तोंडातनं निघायचं, आन् चार दिसांचं शिकवलेलं पान्यात जायचं. मग परत पयल्यापास्नं. लई जिवावर आलं त्येच्या. गोनी वाहनं सोपं, असं त्यो म्हनायचा.

पन घोडीला शिकवता शिकवता ते शबुद घरातबी याया लागले. एक दिस जेवाया बसला आन् म्हनला, "भाकर वाढ बाई." भागा घोडीगत बघत राहिली. त्येनं परत म्हनलं. तवा तिनं वाढली. मग एक दिस सगुना चुलीपाशी बसून आईला काय तरी सांगत व्हती आन् दोघी हसत व्हत्या, तेवढ्यात येसबा दारात आला. दोघी गप झाल्या. येसबा दारातच थांबला आन् म्हनला, "सांग की, मीबी ऐकतो." सगुनानं आईकडं बघितलं. मग चाचरत चाचरत तिनं सांगितलं, शेजारनीच्या कोंबडीचं काय तरी व्हतं. येसबा हसला. गोष्टीला हसू येन्यासारखं काय नव्हतं, पन त्यो हसला.

पाऊस येऊन गेला. रानं पिकली. सुगी आली.

परत दोन्ही काठ भरले. गेल्या खेपंपेक्षा जास्तच मान्सं, कारन लोकांना तमाशा बघायचा व्हता. बायजाआजी आता आनखी वाकली व्हती. तिला खोगिरावर बसवलं. ह्या टायमाला येसबाच्या गालात सुपारी नव्हती. त्येनं लगाम ढिला धरला, फुडं झाला आन् हळूच म्हनला, "चल बाई." घोडी चालाया लागली.

निम्म्या नदीत घोडी थांबली आन् पानी प्याली. दोन्ही काठ गप झाले. येसबा घाई कराया गेला न्हाई. तिला प्यायचं तेवढं पिऊ दिलं. ती पाय आपटाया लागन्याच्या आत त्येनं तिच्या मानंवर हात ठिवला, चल बाई म्हनला, आन् फुडं वळून चालाया लागला. मागं वळून बघितलं न्हाई. मागनं पान्याचा आवाज येत व्हता. घोडी येत व्हती.

काठावर चढली. थांब बाई म्हनलं, थांबली. लोकांचा हिरमोड झाला. कुनीतरी म्हनलंबी, की एवढ्यासाठी का आमी उनात उभं राहिलो.

आजी मात्र घोडीकडं बघत नव्हती. ती काठावर बघत व्हती. भागा शेजारनीशी कसल्याशा बोलन्यात इतकी रमली व्हती, की घोडी काठावर आल्याचं तिला ठावंच नव्हतं. सगुना पाटावर बसली व्हती आन् सरळ वर बघत व्हती. गडी दाढी खाजवत व्हता. आन् गाडीच्या सावलीत तांबडं कुत्रं चारी पाय वर करून झोपलं व्हतं.

पोराच्या बापानं इचारलं, "आई, काय म्हनतीस? घोडी तर चालली."

आजी म्हनली, "घोडीचं सोड. कुत्रं झोपलंय. आना कुकू."

येसबानं कनवटीला हात घातला आन् तपकिरीनं भरलेली नवी डबी आजीच्या हातात ठिवली. आजीनं डबी उघडली, वास घेतला आन् मान डोलावली.

म्होरल्या म्हयन्यात लगीन झालं. सगुना त्याच घोडीवर बसून सासरी निघाली. नदी उतरताना येसबाच्या तोंडातनं चल बाईसुद्धा निघालं न्हाई. त्यो नुसता फुडं चालत राहिला. मागं लेक आन् लेकीखाली घोडी, दोघी त्येच्या मागनं आल्या. पल्याडच्या काठावर उतरताना सगुना घोडीच्या कानात म्हनली, "चांदनी, बाबांना सांभाळ." घोडीनं त्या गोड आवाजाकडं कान वळवला.

तर घेऊन जावा एवढं: पावन्यांसाठी वेगळी जीभ ठिवता येत न्हाई, घरात जी वापरतो तीच चारचौघांत आपली वळख देती.